खुशफहमीची किंमत कोण भरतो?

व्यापारात आत्मविश्वास पाहिजे, असे सर्वच सांगतात. किती पाहिजे, हे कुणी सांगत नाही. त्याचे माप गणिताने काढण्याचा एक प्रयत्न झाला आहे, आणि आम्हा कापडवाल्यांनी तो समजून घेण्यासारखा आहे.

२०११ साली डॉमिनिक जॉन्सन व जेम्स फाऊलर या संशोधकांनी 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात एक गणिती मॉडेल मांडले. असली मॉडेले आता साध्या संगणकावरही चालवून पाहता येतात. एका मालावर दोघांची नजर आहे. समोरचा किती पाण्यात आहे, याचा पक्का अंदाज दोघांनाही नाही. जो स्वतःला वरचढ समजतो तो दावा ठोकतो. एकानेच ठोकला तर माल त्याला बिनबोभाट मिळतो. दोघांनी ठोकला तर झगडा होतो; बलवान जिंकतो, पण झगड्याचा खर्च दोघांच्याही अंगावर पडतो. निष्कर्ष असा की, मिळकत खर्चाच्या मानाने पुरेशी मोठी असेल, तर अचूक हिशेब करणाऱ्यापेक्षा स्वतःला वाजवीपेक्षा मोठा समजणाराच पुढे जातो! उर्दूत याला खुशफहमी म्हणतात. खर्च जड असेल तर मात्र तीच अंगाशी येते.

आता आपला बाजार पाहा. या गणितात दावा ठोकणारा खर्च स्वतः भरतो. आमच्याकडे उधारी आहे. समजा, एका पेढीने लगीनसराईसाठी दहा हजार मीटरच्या जागी तीस हजार मीटरचा सौदा केला. माल खपला तर नफा पेढीचा. पडून राहिला तर पेमेंट थांबते ते भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्याचे. त्याला सूतवाला थांबत नाही, कारागिराची मजुरीही थांबत नाही. खुशफहमी एकाची, भरणा दुसऱ्याचा. मग सौदे फुगणार नाहीत तर काय होईल?

शिकलेल्या लोकांची कथाही वेगळी नाही. अमेरिकेतील कंपन्यांच्या वित्तप्रमुखांनी शेअर बाजाराच्या परताव्याचे अंदाज दिले. खालचा व वरचा आकडा असा सांगायचा की, खरा आकडा शंभरांतून ८० वेळा त्यांच्या मध्ये यावा. तो आला ३६ वेळा. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. यांच्याकडे तर संगणकांची रांग असते. दलालाच्या चहावर ठरणाऱ्या आमच्या सौद्यांविषयी काय बोलावे!

म्हणूनच लघुउद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत देण्याच्या २००६ च्या कायद्याला आमचा पाठिंबा आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने तर मुदतीनंतर दिलेली रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरण्यास बंदी केली. बाजारात यावर बरीच ओरड झाली. आमच्या मते या तरतुदीने खर्च ज्याचा त्याच्या खात्यात टाकला.

एक तक्रार मात्र रास्त आहे. घाऊक व्यापाऱ्याने माग चालवणाऱ्याला मुदतीत पैसे द्यायचे, आणि किरकोळ दुकानदाराने त्याच घाऊक व्यापाऱ्याला चार-चार महिने ताटकळत ठेवायचे! २०२१ पासून व्यापाऱ्यांची लघुउद्योगात नोंद होते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. थकलेल्या बिलांना ते संरक्षण नाही. सौदा फुगवणारा किरकोळ दुकानदारही असतो. व्यापारी मंडळांनी ओरड करायचीच असेल तर ४५ दिवस काढून टाका अशी नव्हे, ते खालच्या पायरीलाही लावा, अशी करावी.