खाजगी चौकाचा अस्त

अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलंड शहराच्या वेशीला लागून, नॉर्थ रँडल नावाचे जेमतेम हजार-दीड हजार वस्तीचे गाव आहे. या गावात ज्या मैदानावर पूर्वी घोड्यांच्या शर्यती होत, तेथे १९७६ च्या ऑगस्टमध्ये एडवर्ड डीबार्टोलो या बड्या विकासकाने ‘रँडल पार्क मॉल’ उभा केला. सुमारे २२ लाख चौरस फुटांचे बांधकाम, दोनशेच्या घरात दुकाने आणि ‘जगातील सर्वांत मोठा मॉल’ अशी दवंडी, असा त्याचा थाट होता. बरोबर ३३ वर्षांनी, २००९ साली, या मॉलचे दरवाजे बंद झाले. २०१४ च्या अखेरीस इमारतीवर हातोडा पडला, आणि २०१८ साली त्याच जागेवर ‘अ‍ॅमेझॉन’ कंपनीचे अवाढव्य गोदाम सुरू झाले. एका पिढीच्या आयुष्यात एक बाजारपेठ जन्मली, भरभराटली, ओस पडली आणि जमीनदोस्त झाली.

या घटनाक्रमाचा अर्थ लावताना बहुतेक भाष्यकार एका वाक्यात मोकळे होतात. ग्राहक घरबसल्या संगणकावरून खरेदी करू लागला आणि मॉल कालबाह्य झाला, असे ते सांगतात. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे. कारण त्यात कोणाचाच दोष निघत नाही. यंत्र आले, जुने गेले, काळाचा महिमा! परंतु ज्या २००९ साली रँडल पार्क मॉल बंद पडला, त्या वर्षी अमेरिकेच्या एकूण किरकोळ विक्रीत इंटरनेटवरील विक्रीचा वाटा अवघा चार टक्क्यांच्या आसपास होता. चार टक्क्यांच्या स्पर्धेने जो डोलारा कोसळतो, त्याचा पायाच कच्चा असला पाहिजे. तो पाया तपासून पाहणे आवश्यक आहे.

मॉलची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो व्हिक्टर ग्रुएन हा काही नफेखोर व्यापारी नव्हता, ही या कथेतील सर्वांत बोचणारी गोष्ट आहे. १९०३ साली व्हिएन्नात जन्मलेला हा ज्यू वास्तुशिल्पी समाजवादी विचारांचा होता आणि राजकीय विडंबन करणाऱ्या रंगमंचावर वावरलेला होता. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा तो देश सोडून अमेरिकेत आला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरांची जी बेसुमार वाढ झाली, ती पाहून तो अस्वस्थ झाला. घरामागे घर, रस्त्यामागे रस्ता आणि माणसापेक्षा मोटारीची चिंता अधिक! दोन माणसांनी सहज भेटावे, उभ्याउभ्या चार शब्द बोलावेत, अशी जागाच त्या वस्त्यांत नव्हती. व्हिएन्नातील चौक, तेथील उपाहारगृहे, पायी चालणाऱ्यांची वर्दळ ग्रुएनच्या डोळ्यांपुढे होती. उपनगराला असे हृदय द्यावे, ही त्याची आकांक्षा.

१९५४ साली त्याने डेट्रॉईटजवळ ‘नॉर्थलँड’ आणि १९५६ साली मिनेआपोलिसजवळच्या ईडायना येथे ‘साउथडेल’ उभारले. साउथडेल हा अमेरिकेतील पहिला संपूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल. डेटन या व्यापारी कुटुंबाने सुमारे दोन कोटी डॉलर खर्चून तो बांधला. मिनेसोटातील हाडे गोठविणाऱ्या हिवाळ्यात आत वसंत ऋतूचे हवामान, मध्यभागी झाडे, कारंजी, पक्ष्यांचे पिंजरे! मात्र ग्रुएनच्या मूळ आराखड्यात मॉल हा केवळ एक भाग होता. त्याभोवतीच्या ४६३ एकरांत घरे, शाळा, वैद्यकीय केंद्र, उद्यान आणि तळे यांसह एक परिपूर्ण वस्ती त्याला वसवावयाची होती. प्रत्यक्षात त्या स्वप्नातील समाज कागदावर राहिला आणि दुकाने तेवढी उभी राहिली. मॉलमुळे आसपासच्या जमिनीचे भाव कडाडले. मग तळे आणि उद्यान यांच्यासाठी जमीन कोण ठेवणार? भोवताली उरला तो हजारो मोटारींचा वाहनतळ. चौकाची कल्पना भांडवलदाराने उचलली. चौकाचा हेतू मात्र त्याने वाहनतळाबाहेरच ठेवला.

मॉल ही मुक्त बाजारपेठेची निर्मिती होय, असा दावा नेहमी केला जातो. हा दावा वस्तुस्थितीला धरून नाही. १९५४ साली अमेरिकेच्या करकायद्यात बदल होऊन नव्या व्यापारी इमारतींवर पहिल्या काही वर्षांतच भरमसाट घसारा दाखविण्याची मुभा मिळाली. इमारत नफा कमावीत असली, तरी हिशेबाच्या वहीत तोटा दिसू लागला आणि त्या कागदी तोट्याने मालकाचा अन्य उत्पन्नावरील करही वाचू लागला. जुनी इमारत दुरुस्त करण्यापेक्षा मोकळ्या शेतात नवी बांधणे फायद्याचे ठरले. १९५६ साली महामार्गांचा कायदा झाला. ४१,००० मैलांच्या जाळ्याच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारने उचलला. १९३४ पासून सरकारी गृहकर्ज-हमीच्या योजनेने गोऱ्या मध्यमवर्गाला उपनगरांत घरे घेण्यास हात दिला, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना ‘धोकादायक’ ठरवून त्यांच्याकडे पाठ फिरविली. म्हणजे रस्ता सरकारचा, करसवलत सरकारची, ग्राहकाच्या घराची हमी सरकारची. नफा तेवढा खाजगी. या सार्वजनिक पैशाच्या बळावर शहरांच्या जुन्या पेठा उजाड झाल्या, आणि त्या पेठांत राहणारा गरीब कृष्णवर्णीय कामगार नव्या बाजारापासून मोटारीच्या अंतरावर फेकला गेला.

आता बाजार तर स्थलांतरित झाला; पण बाजाराबरोबर नागरिकाचे हक्क स्थलांतरित झाले काय? जुन्या पेठेतील रस्ता सर्वांचा होता. तेथे संपकरी फलक घेऊन उभा राहू शकत होता, कोणी पत्रके वाटू शकत होता, सभा भरत होती. मॉलमधील रस्ता मात्र मालकाचा होता. १९६८ साली पेनसिल्व्हानियातील एका प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उदार भूमिका घेतली. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी लिहिलेल्या निर्णयात, असे व्यापारी केंद्र हे गावच्या पेठेचेच काम करते, सबब तेथे कामगारांना शांततापूर्ण निदर्शने करण्याचा हक्क आहे, असे मानले गेले. चारच वर्षांत वारे फिरले. १९७२ साली पोर्टलंड येथील मॉलमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रके वाटणाऱ्यांना न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दाद नाकारली. १९७६ साली अटलांटाजवळच्या प्रकरणात उरलीसुरली आशाही मावळली. पादत्राणांच्या एका कंपनीतील गोदाम-कामगार संपावर होते; आपल्याच मालकाच्या मॉलमधील दुकानासमोर ते फलक घेऊन उभे राहिले, तर त्यांना अटकेची धमकी मिळाली. मॉलमध्ये त्यांना राज्यघटनेचे संरक्षण नाही, असे न्यायालयाने सांगितले. १९८० साली कॅलिफोर्नियातील प्रकरणात, एखाद्या राज्याची स्वतःची घटना असा हक्क देऊ शकते, एवढी फट तेवढी उघडी राहिली.

ज्या १९७६ साली नॉर्थ रँडलमध्ये ‘जगातील सर्वांत मोठा’ खाजगी चौक उघडला, त्याच वर्षी त्या चौकात नागरिक म्हणून उभे राहण्याचा हक्क नागरिकाला उरला नाही. तो आता केवळ ग्राहक होता. याची फळे पुढे दिसत राहिली. १९९५ च्या डिसेंबरात बफेलोजवळ मॉलमधील नोकरीवर निघालेली एक १७ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी सात पदरी रस्ता ओलांडताना ट्रकखाली सापडली आणि मरण पावली. शहराच्या गरीब वस्तीतून येणाऱ्या तिच्या बसला मॉलच्या आवारात थांबा नव्हता. २००३ साली, इराक युद्धाच्या तोंडावर, ऑल्बनीजवळच्या मॉलमध्ये शांततेचे आवाहन छापलेला सदरा घातला म्हणून एका गृहस्थास अटक झाली. तो सदरा त्याने त्याच मॉलमधील दुकानातून छापून घेतला होता! शांतता विकत घेण्यास तेथे मोकळीक होती. ती मागण्यास नव्हती.

अशा या व्यवस्थेचा अस्त तिच्या स्वभावातूनच झाला. एका मॉलच्या नफ्याने दुसऱ्याला निमंत्रण दिले, दुसऱ्याने पहिल्याचे गिऱ्हाईक पळविले. लोकसंख्या वाढो वा न वाढो, दुकानांचे क्षेत्रफळ वाढतच गेले. दरडोई दुकानांच्या जागेत अमेरिकेने साऱ्या जगाला मागे टाकले. मॉलची रचनाही नाजूक होती. दोन्ही टोकांना असलेल्या मोठ्या ‘अँकर’ दुकानांना नाममात्र भाड्यावर आणावयाचे, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या गर्दीच्या जोरावर मधल्या लहान दुकानदारांकडून जबर भाडे वसूल करावयाचे, हे तिचे गणित. अँकर गेला, तर भाडे कमी करण्याची किंवा गाळा सोडण्याची मुभा अनेक करारांत होती. परिणामी एक मोठे दुकान बंद पडले की उरलेली पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे कोसळत.

ही मोठी दुकाने तरी का बुडाली? ‘सिअर्स’चे उदाहरण पुरेसे बोलके आहे. टपालाने घरपोच माल पाठवून मोठी झालेली ही कंपनी. तिने आपली सुप्रसिद्ध सर्वसाधारण सूची १९९३ साली बंद केली, आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅमेझॉनचा जन्म झाला. २००५ साली एडवर्ड लँपर्ट या गुंतवणूकदाराच्या हाती ती गेली. २०१५ साली तिच्या दोनशेहून अधिक मालमत्ता सुमारे २७० कोटी डॉलरना एका नव्या कंपनीस विकण्यात आल्या, आणि त्या नव्या कंपनीतही लँपर्ट यांचाच मोठा हिस्सा होता. काल जी दुकाने स्वतःच्या मालकीची होती, त्यांतील अनेकांत सिअर्स आज भाडेकरू झाली. २०१८ च्या ऑक्टोबरात तिने दिवाळखोरी जाहीर केली. जमीन सुटली, दुकान बुडाले. नोकरी गेली ती काउंटरवर उभ्या असलेल्या विक्रेत्याची. याला काळाचा महिमा म्हणावयाचे, तर काळाच्या हाती कागदपत्रे कोणी दिली, हेही विचारावे लागेल.

मॉलच्या पतनावर समाधान मानण्याचे मात्र काही कारण नाही. भांडवली चंगळवादाचे मंदिर ढासळले, असे म्हणून टाळी पिटणे सोपे आहे. परंतु त्या कृत्रिम वसंतात हिवाळ्याच्या सकाळी वृद्ध माणसे फेऱ्या मारीत, शाळकरी मुले खिशात दमडी नसताना तासन् तास बसत, पहिली नोकरी पुष्कळांना तेथेच मिळे. दुसरा चौक नसल्यामुळे लोकांनी मालकाच्या चौकालाच आपले मानले होते. मालकाने मात्र त्यांना कधीच आपले मानले नाही. नफा आटताच तो निघून गेला, आणि नॉर्थ रँडलसारख्या गावाच्या हाती फुटक्या काचा व बुडालेला कर उरला. त्या रिकाम्या जागी गोदाम आणण्यासाठी पुन्हा सरकारी करसवलतींचे गाजर दाखवावे लागले. कामगारांना काम मिळाले हे खरेच; परंतु मॉलमध्ये गावकऱ्याला निदान ग्राहक म्हणून तरी प्रवेश होता, गोदामात त्याचे कामच नाही.

ग्रुएनला हे सारे जिवंतपणी दिसले. १९६८ साली तो व्हिएन्नाला परतला, तर १९७६ साली त्या शहराच्या वेशीवरच एक भलेमोठे व्यापारी केंद्र उभे राहिले. १९७८ साली लंडनमधील एका भाषणात त्याने या अपत्यांचे पितृत्वच झिडकारले. १९८० साली तो निवर्तला. तथापि, त्याच व्हिएन्नाच्या जुन्या पेठेतून मोटारी हटवून ती पायी चालणाऱ्यांना द्यावी, असाही आराखडा त्याने मांडला होता. १९७४ पासून केर्ंटनर हा रस्ता पादचाऱ्यांचा झाला. तो आजही गजबजलेला आहे. फरक शिल्पकारात नव्हता, फरक मालकीत होता.

अमेरिकेतही याची प्रचीती आली आहे. टेक्ससमधील ऑस्टिन येथे १९७१ साली उघडलेला हायलँड मॉल मोडकळीस आला, तेव्हा तेथील सार्वजनिक महाविद्यालयाने तो विकत घेतला. २०१४ पासून जुन्या दुकानाच्या छपराखाली वर्ग भरू लागले. ग्रुएनला साउथडेलमध्ये हवी असलेली शाळा भांडवलाने बांधली नाही. ती लोकांच्या पैशाने, मॉल मेल्यानंतर, दुसऱ्या गावी आली.

हा धडा मुंबईलाही परका नाही. १९९९ साली हाजीअलीजवळ उघडलेल्या ‘क्रॉसरोड्स’ मॉलने सुरुवातीला दारातच मोबाईल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखविण्याची, नाही तर साठ रुपये भरण्याची अट घातली होती. तो मॉल त्या रूपात टिकला नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील ज्या जमिनी मोकळ्या झाल्या, त्यांवरही मॉल उभे राहिले. ज्या जागी हजारो कामगार एकत्र येत, तेथे आता रखवालदाराच्या परवानगीने आत जावे लागते.

मॉल येतील आणि जातील. बाजाराची रूपे प्रत्येक पिढीत बदलतात. प्रश्न इतकाच आहे की, माणसे जेथे एकत्र येतात ती जागा कोणाची? ती समाजाच्या मालकीची असेल, तर दुकान बंद झाले तरी चौक उरतो. ती नफ्याच्या मालकीची असेल, तर दुकानाबरोबर चौकही उठतो. नॉर्थ रँडलच्या रहिवाशांना हे कळावयास ३३ वर्षे लागली. इतरांनी तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.