शेगडीआधी पेलेटचा पत्ता विचारा

गॅस महागला की पेलेटवर चालणाऱ्या शेगडीची चर्चा गावोगावी सुरू होते. लाकडाचा भुसा, पऱ्हाट्या, तुराट्या, शेंगांची टरफलं यांचा भुगा यंत्रात दाबून केलेल्या बारीक कांड्या म्हणजे पेलेट. शेगडी वाईट नाही. धूर फार कमी, आच चांगली. पण माझं स्पष्ट मत असं आहे की, वर्षभर पेलेट कुठून आणि काय भावाने मिळणार हे ठरल्याशिवाय कोणी शेगडी घेऊ नये, आणि ग्रामपंचायतीने तर वाटूच नये.

हा अनुभव आपल्या राज्याने घेतलेला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने तयार झालेली ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची शेगडी २००६ साली बाजारात आली. महाराष्ट्रातही ती चांगली खपली. पुढे पेलेटचा भाव चढला आणि कितीतरी घरांत शेगडी धड असूनही माळ्यावर गेली. आता तर गिऱ्हाईक आणखी मोठं आहे. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात ५ टक्के पेलेट मिसळावेत, असं धोरण केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलं. त्यांच्याशी भावात स्पर्धा करणं तुमच्या-आमच्या चुलीला झेपायचं नाही.

विक्रेता म्हणतो, गॅसपेक्षा निम्म्या खर्चात स्वयंपाक. हिशेब करून बघा. किलोभर पेलेटमध्ये किलोभर गॅसच्या साधारण एक तृतीयांश उष्णता असते. त्यातही पंख्याच्या शेगडीची कार्यक्षमता भारतीय मानकानुसार किमान ३५ टक्के लागते, तर गॅसची शेगडी साठाच्या वर जाते. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला ७०-७५ किलो पेलेट लागणार. किलोला दहा रुपये धरले तरी सातशे-साडेसातशे झाले, गाडीभाडं वेगळं. निम्मा खर्च कुठे राहिला? आपल्या गावचा भाव घालून हीच गोळाबेरीज करा, मग ठरवा. मात्र ज्या घरात आजही ओल्या लाकडावर डोळे चोळत भाकरी होते, तिथे हिशेब निराळा. तिथे पैशापेक्षा बाईच्या छातीतला धूर मोजायला हवा.

आता पेलेट कसे पारखायचे? पोत्याच्या तळाशी हात घाला. मूठभर भुगा लागला तर माल सोडून द्या, कारण भुग्याने हवेची छिद्रं बुजतात. चांगली कांडी गुळगुळीत, किंचित चमकदार असते आणि मोडताना कट्कन आवाज येतो. पेलाभर पाण्यात टाकली की तळाला जाते. तरंगली तर नीट दाबलेली नाही. (थोड्या वेळाने ती फुगून विरघळेल, तो दोष नव्हे. पण पावसाळ्यात पोतं फळीवर, भिंतीपासून दूर का ठेवायचं, हे त्यावरून कळेल.) रंगाचा किंवा प्लायवूडचा वास आला तर स्वयंपाकाला वापरूच नका. शेवटी किलोभर जाळून राख तोला. स्वच्छ लाकडी भुशाची राख दहा ग्रॅमच्या आसपास पडते, भाताच्या तुसाची दीडशे ते दोनशे ग्रॅम. मातीसकट उपटलेल्या पऱ्हाटीची राखही वाढते, आणि जास्त राखेचा माल तापला की वितळून त्याचा खंगर शेगडीत चिकटून बसतो.

पेटवण्याची रीत चुलीच्या उलटी आहे. भांड्यात वरच्या छिद्रांच्या खालपर्यंतच पेलेट भरायचे, वर बारीक काड्या ठेवून वरूनच पेटवायचं, पंखा आधी मंद आणि ज्योत धरली की वाढवायचा. मध्येच ओंजळभर टाकाल तर धूर होणार, म्हणून स्वयंपाकाच्या अंदाजानेच भरा. ज्योत विझल्यावर उरलेल्या निखाऱ्यावर वांगं छान भाजतं. पण थंडीत तीच शेगडी बंद खोलीत उबेला घेऊन झोपू नका. निखाऱ्याच्या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठत नाही. राख परसातल्या झाडांना घाला, पालाश मिळतं. युरियात मात्र मिसळू नका, नत्र उडून जातं.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक सांगणं. दरवर्षी कापूस संपला की पऱ्हाट्या धुऱ्यावर नाहीतर घरामागे रचल्या जातात, आणि त्यांवरल्या कवड्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाची वाट बघत बसते. त्या वावरातून वेळेवर निघून पेलेट कारखान्याला गेल्या तर अळीचा बंदोबस्त आपोआप होतो. पण उपटण्याची मजुरी आपण सोसायची, पऱ्हाटी कवडीमोलाने द्यायची आणि तीच कांडी होऊन आपल्याला दहा रुपये किलोने विकत मिळायची, हे बरोबर नाही. कारखानदार गावात आला की गाडीच्या वजनावर भाव ठरवून घ्या, आणि पऱ्हाटीच्या बदल्यात गावाला वर्षभर इतके पेलेट इतक्या दराने, असं लेखी मागा. तो कागद हाती आल्यावर शेगड्यांचा ठराव ग्रामसभेत घ्या.