जंगलाचा नकाशा ग्रामसभेच्या हाती हवा

साक्री तालुक्यातील बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने उजाड डोंगर पुन्हा हिरवा केला; २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. हे जंगल उपग्रहाने नव्हे, गावाच्या पहाऱ्याने राखले, हा आक्षेप रास्त आहे. पण वनहक्काच्या दाव्यासाठी राखलेले जंगल कागदावर सिद्ध करायला नुसता पहारा पुरत नाही. लँडसॅट उपग्रहांची छायाचित्रे २००८ पासून मोफत आहेत, सेंटिनेल-२ ही उपग्रहजोडी साधारण दर पाच दिवसांनी नवे चित्र देते आणि क्यूजीआयएस हे नकाशाचे सॉफ्टवेअरही फुकट मिळते. दोंडाईच्यातल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना हे शिकवून ग्रामसभांच्या मदतीला पाठवावे.

चित्र चुकीचे वाचले तर वनहक्काचा खरा दावाही बुडेल, ही भीती खरी आहे. सातपुड्यातला साग उन्हाळ्यात पाने गाळतो. मे महिन्याचे चित्र नोव्हेंबरच्या चित्राशेजारी ठेवले, तर उभे जंगलही तोडल्यासारखे दिसते. म्हणून वर्षे वेगळी असली तरी महिना एकच घ्यावा आणि प्रत्यक्ष शिवारात फिरून खात्री करावी. वनहक्क नियमांतील २०१२ ची दुरुस्तीही सांगते, की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, पर्याय नाही. हे वाचन फक्त सरकारी कार्यालयात होणार असेल, तर त्यातली चूक दाखवणार कोण? ज्या ग्रामसभेला नकाशा वाचता येतो, तीच आपला हक्क आणि आपले जंगल दोन्ही राखू शकेल.