फिटनेसचा दाखला मिळतो, तपासणी होत नाही

बारावीचा निकाल लागला की निलंग्यात झेरॉक्सच्या दुकानांपुढे गर्दी सुरू होते. गुणपत्रक, टीसी, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला. एकेका कागदासाठी तहसील आणि सेतू केंद्राचे हेलपाटे होतात, सर्व्हर बंद असेल तर दिवस वाया जातो. या सगळ्या फायलीत एक कागद मात्र विनासायास मिळतो. तो म्हणजे वैद्यकीय पात्रतेचा, म्हणजेच फिटनेसचा दाखला. वैद्यकीय शाखेला तो लागतोच, अनेक महाविद्यालये आणि वसतिगृहेही तो मागतात. ओळखीच्या डॉक्टरकडे जायचे, नाव आणि वय सांगायचे, सही-शिक्का घ्यायचा. पुष्कळदा स्टेथोस्कोप गळ्यातून कानापर्यंतही जात नाही. कधी कधी तर विद्यार्थी घरीच असतो आणि दाखला वडील घेऊन येतात.

ही निव्वळ औपचारिकता आहे, त्यात कुणाचे काय बिघडते, असे वाटू शकते. पण घर सोडून विद्यापीठाच्या गावी निघालेल्या मुलामुलीच्या आयुष्यातली पूर्ण तपासणीची ही सर्वात सोयीची वेळ असते आणि ती एका शिक्क्यावर वाया जाते. हा दाखला खऱ्या तपासणीनंतरच दिला गेला पाहिजे.

याच वेळी का, याचे उत्तर सरकारी योजनांच्या वयोमर्यादेत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुले तपासतात, पण हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतचाच आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोह आणि फॉलिक अॅसिडची निळी गोळी बारावीबरोबर संपते. म्हणजे सरकारी यंत्रणेचा हात सुटतो आणि घराचा हातही सुटतो, तो एकाच उन्हाळ्यात.

निलंग्यासारख्या गावातून हे सुटणे आणखी अवघड होते. इथली बरीच मुले दहावीनंतरच लातूरला जातात. पण ‘लातूर पॅटर्न’च्या त्या दोन वर्षांत घर पूर्ण तुटलेले नसते. कुणाची आई खोली करून सोबत राहते, कुणाचा डबा एसटीने येतो, ताप आला तर दीड-दोन तासांत गाव गाठता येते. सगळी शिस्त परीक्षेची असते, शरीराची काळजी दुसरे कुणीतरी घेत असते. त्यानंतर पुणे, छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड येते आणि पहिल्यांदाच आजारपण, जेवण, झोप या साऱ्याची जबाबदारी एकट्यावर पडते. आपला रक्तगट कोणता, लहानपणी कोणत्या औषधाची अॅलर्जी आली होती, हेही अनेकांना सांगता येत नाही. ते आईला माहीत असते.

खऱ्या तपासणीत काय असावे? सुरुवात हिमोग्लोबिनपासून व्हावी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत आणि ३१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. मुलींत १२ आणि मुलांत १३ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. जिना चढताना धाप, वर्गात लक्ष न लागणे, सतत थकवा ही त्याची लक्षणे वसतिगृहात आळस म्हणून किंवा घरच्या आठवणीचा परिणाम म्हणून खपून जातात. मासिक पाळीत जास्त रक्त जात असेल तर मुलगी ते रूममेटलाही सांगत नाही. हेच जूनमध्ये कळले तर गोळ्या घरीच सुरू होतात. मळमळ, बद्धकोष्ठता, शौचाचा काळा रंग हे गोळीचे परिणाम आहेत, हे समजावून सांगणारे माणूस जवळ असते. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत वाढते, पण शरीरातला लोहाचा साठा भरायला त्यानंतरही सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. म्हणजे उपचाराचा दुसरा टप्पा वसतिगृहात पार पडणार असतो आणि त्याची सवय आधी लागलेली बरी. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातले लोह कमी शोषले जाते. मेसमध्ये डाळ-उसळ कशी मिळेल, हे हातात नसते. चहा तासभर पुढे ढकलणे हातात असते.

दुसरा मुद्दा लसींचा. धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस १० आणि १६ व्या वर्षी द्यायची असते. सोळाव्या वर्षी मूल दहावी-अकरावीच्या धांदलीत असल्याने ती हमखास राहते. २०१८च्या अखेरीस राज्यात झालेली गोवर-रुबेलाची मोहीम या पिढीने शाळेत अनुभवलेली आहे, पण नोंद शोधायला गेले तर कार्ड सापडत नाही. हिपॅटायटिस बीची लस देशभरातल्या नियमित लसीकरणात २०११ मध्ये आली. आज महाविद्यालयात निघालेली मुले त्याआधी जन्मलेली आहेत. ती लस मिळाली होती का, हे वैद्यकीय, नर्सिंग किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञानाकडे जाणाऱ्यांनी तरी पाहिलेच पाहिजे, कारण रक्ताशी त्यांचा रोजचा संबंध येणार असतो.

तिसरा आणि सर्वात नाजूक मुद्दा लपवलेल्या आजारांचा. अपस्मार, दमा, इन्सुलिनवर अवलंबून असलेला मधुमेह. पुढे लग्नात अडचण येईल म्हणून घरच्या चार भिंतींबाहेर हे सांगितले जात नाही. त्यामुळे फिट येणाऱ्या मुलाच्या दाखल्यावरही ‘फिट’ असाच शिक्का बसतो. चुकलेली गोळी आणि जागरण ही फिट येण्याची दोन नेहमीची कारणे आहेत आणि वसतिगृहाच्या पहिल्या महिन्यात दोन्ही हजर असतात. फिट आल्यावर तोंडात चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचे, पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर रुग्णवाहिका बोलवायची, एवढे रूममेटला आणि रेक्टरला ठाऊक असेल तर जीव वाचू शकतो. दम्याचा पंप कुठल्या कप्प्यात आहे, मधुमेही मुलाला घाम आणि थरथर सुटली तर आधी साखर द्यायची, हेही तसेच. लपवण्याची किंमत शेवटी मुलालाच मोजावी लागते.

आणि मन. तपासणीच्या खोलीत, आईवडिलांना बाहेर बसवून, झोप लागते का, जगणे नकोसे वाटते का, हे विचारायला दोन मिनिटे लागतात. असा प्रश्न विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट, बोलायला वाट मिळते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले आहेत. महाविद्यालयात तो आहे का, हे प्रवेश घेतानाच विचारावे. २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. तो मोबाइलमध्ये घरूनच भरून न्यावा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, तपासणीत आजार निघाला तर प्रवेश जाईल. मर्चंट नेव्हीसारखे मोजके अभ्यासक्रम सोडले तर नियंत्रणात असलेला दमा किंवा मधुमेह पदवीच्या आड येत नाही. तरी भीती खरी आहे, म्हणून दाखल्याची दोन पाने असावीत. तपशिलाचे पान विद्यार्थ्याकडे राहावे, महाविद्यालयाला फक्त निष्कर्षाचे पान जावे. काय आणि कुणाला सांगायचे, हे अठरा वर्षांच्या माणसाने स्वतः ठरवावे.

दुसरा आक्षेप, जून-जुलैत डॉक्टरांना वेळ कुठे असतो? वेळ ठरवून घेतली तर मिळू शकतो. निकाल आणि प्रवेशफेऱ्या यांच्यामध्ये काही मोकळे आठवडे असतात. निलंग्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून नि:शुल्क आहे. त्यामुळे वजन, रक्तदाब, नजर आणि रक्ताच्या प्राथमिक तपासण्यांचा खर्च हे कारण उरत नाही. आठवड्यातले दोन दिवस दुपारी केवळ याच विद्यार्थ्यांसाठी ठेवावेत आणि गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी त्यांच्या याद्या द्याव्यात. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवी योजनाही लागत नाही.

घरच्यांनी करायचे एकच आहे, हाताखालून सोडणे. केसपेपरच्या रांगेत मुलाने स्वतः उभे राहावे, डॉक्टरांशी मुलीने स्वतः बोलावे, आईने मध्येच उत्तर देऊ नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातली सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबे येतात, त्यामुळे शिधापत्रिकेत नाव आहे ना हे पाहून तिची प्रत फायलीत ठेवावी. तांदूळ, चटणी आणि लाडवांचे डबे भरले जातीलच. त्यांच्याबरोबर मुलाला स्वतःच्या शरीराची माहिती तोंडपाठ असेल, तरच त्या फिटनेसच्या दाखल्याला अर्थ आहे.