शरदाचे ताट आणि गावाचे नाव

सप्टेंबर-ऑक्टोबर हे इटलीत द्राक्षतोडणीचे महिने. पाठोपाठ तेथील बाजारात लाल भोपळा, रानातली आळिंबी, काळपट पानांची कोबी आणि थंडी सुरू होता होता रादिक्यो नावाची कडवट लाल पालेभाजी येऊ लागते. कोणत्या भाजीबरोबर कोणती वाइन घ्यावी, याची चर्चा मग तेथील घरोघरी रंगते. मुकुटबनसारख्या गावी बसून या चर्चेत लक्ष घालणे कोणाला चैनीचे, तर कोणाला अशोभनीय वाटेल. या जिल्ह्यातील स्त्रिया दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरल्या आहेत. जिल्ह्याच्या एका अंगाला वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा आहे, तर दुसऱ्या अंगाच्या चंद्रपुरात २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे बंदी होती. अशा ठिकाणी वाइनचे गुणगान कोणी करू नये, आणि प्रस्तुत लेखाचा तो हेतूही नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केलेच आहे. हेतू एवढाच की, भाजी आणि वाइन यांच्या या जोडीमागे जे अर्थशास्त्र उभे आहे, ते आपल्या कापूसपट्ट्याने नीट समजून घ्यावे.

जोडीचे नियम तसे गूढ नाहीत. मांतुआ परिसरात भोपळ्याचे सारण भरलेली तोर्तेल्ली खातात. तिच्या गोडीला लाम्ब्रुस्को ही किंचित फसफसणारी, आंबूस लाल वाइन उतारा देते. रादिक्योच्या कडूपणावर तुरट वाइन घेतली तर कडूपणा वाढतो. म्हणून तेथे सौम्य वाइन निवडतात. तोस्कानात काळपट कोबी, घेवडा आणि शिळा पाव यांच्या रिबोल्लितावर किआंती घेतात. आंबट पदार्थाबरोबर कमी आंबट वाइन पांचट लागते आणि तिखटावर मद्याचा दाह दुणावतो. आपल्या सुगरणींना यात नवल वाटण्याचे कारण नाही. अंबाडीच्या आंबटपणाला ज्वारीच्या कण्या आणि लसणाची फोडणी, कारल्याच्या कडूपणाला गूळ, कोहळ्याच्या गोडीला तिखट-मिठाची संगत हे शास्त्र आपल्या चुलीपाशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

मग फरक कोठे पडतो? फरक पडतो तो नावात. अर्थशास्त्रात ज्यांना पूरक वस्तू म्हणतात, त्यांपैकी एकीची मागणी वाढली की दुसरीचीही वाढते. इटलीने खाद्यपरंपरेतून अशा पूरक जोड्या तयार केल्या आणि जोडीतल्या प्रत्येक वस्तूला तिच्या गावाचे नाव कायद्याने बांधून दिले. किआंतीच्या सीमा १७१६ साली तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने ठरवून दिल्या होत्या. पुढे १९६३ साली साऱ्या देशासाठी वाइनच्या उगमस्थानाचा कायदा झाला. १९९६ साली त्रेविझोच्या रादिक्यो या साध्या पालेभाजीलाही युरोपचे भौगोलिक संरक्षण मिळाले. भाजी विकली की गावाचे नाव विकले जाते आणि त्या नावाची किंमत गावातच परत येते.

याचा परिणाम विचार करण्याजोगा आहे. १९७० च्या सुमारास इटलीत दरडोई वार्षिक वाइनसेवन शंभर लिटरच्या वर होते. आज ते त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. पिणे घटले, तरी इटली जगातील आघाडीचा वाइन निर्यातदार राहिला. उत्पन्न परिमाणावरून नावावर सरकले, हे त्याचे एक मोठे कारण होय. आपल्याकडे मद्यापासून मिळणारा महसूल प्रामुख्याने खपावर अवलंबून असतो आणि खप वाढविण्याखेरीज त्याला दुसरा मार्ग दिसत नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याचे समर्थन शेतकऱ्याच्या नावाने झाले. निर्णयावर वादळ उठले, पुढे सरकार बदलले आणि तो बारगळला. परंतु तो अमलात आला असता तरी त्याचा लाभ नाशिक-सोलापूरच्या द्राक्षबागांपलीकडे किती पोचला असता? अकलूजला इटलीतील सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि तेथील मोहिते-पाटील बंधू यांनी एकत्र येऊन सांजोवेझे ही तोस्कानातील द्राक्षाची जात लावली. उद्योग म्हणून तो प्रयत्न लक्षणीय आहे. मात्र इटलीत जेव्हा तोडणी चालते, तेव्हा आपल्याकडे फळछाटणी चालू असते. आपली द्राक्षे हाती येतात ती जानेवारीनंतर. वेल परदेशातून आणता येतो, परंतु त्याच्याभोवतीचा ऋतू आणि ताट आणता येत नाही.

येथे कोणी म्हणेल की, इटलीला हे सारे पूर्वपुण्याईने मिळाले, यवतमाळकडे काय आहे? या आक्षेपाला इटलीचाच इतिहास उत्तर देतो. १९८६ च्या वसंतात तेथील स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्याचे उघड झाले आणि वीसहून अधिक माणसे प्राणाला मुकली. निर्यात कोसळली आणि इटालियन वाइन हे नावच संशयाचे झाले. त्यानंतर उत्पादकांनी गुणवत्तेची कास धरली, १९९२ साली कायदा अधिक कडक झाला आणि गमावलेले नाव कष्टाने परत मिळविण्यात आले.

यवतमाळचे नावही असेच जखमी झाले आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी ते जोडले गेलेच होते. त्यात २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. तोही काळ शरदाचाच होता. बाहेरच्या माणसाला या जिल्ह्याचे नाव ऐकून प्रथम मृत्यू आठवावा, ही केवळ भावनेला झोंबणारी गोष्ट नाही. ती आर्थिक हानीही आहे. कापूस ही बिननावाची वस्तू. बाजारात आमचा कापूस आणि दुसऱ्याचा कापूस एकाच गंजीत जातो, भाव दुसरीकडे ठरतो आणि शेतकऱ्याने तो मुकाट्याने स्वीकारायचा असतो.

याच कापसाच्या शेतात, धुऱ्यावर आणि तुरीच्या ओळींत अंबाडी, बरबटी, वाल, कोहळे येत आले आहेत. तणनाशकाच्या फवाऱ्याने ते हळूहळू नाहीसे होत आहेत. ज्वारीचा पेरा आटला, तशी अंबाडीची जोडीदारीणही गेली. कृषी खाते ऑगस्टच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरविते, हे स्तुत्य आहे. परंतु एक-दोन दिवसांच्या प्रदर्शनाने बाजार उभा राहत नाही. आश्विन-कार्तिकातील आठवडी बाजारात फवारणीविना पिकलेली भाजी गावाच्या नावाने वेगळी मांडता येईल. आश्रमशाळा आणि शालेय पोषण आहार यांसाठी अंबाडी-ज्वारीची जोडी आठवड्यातून एकदा स्थानिक महिला बचत गटांकडून घेता येईल. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आल्याने पगारदार ग्राहकही दाराशी आला आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे उदाहरण दूरचे नाही. अर्थात नुसत्या मानांकनाच्या कागदाने भाव मिळत नाही; त्यामागे गुणवत्तेवर देखरेख ठेवणारी उत्पादकांची संघटना लागते. इटलीतही हे काम उत्पादकांचे संघच करतात.

भाजीने कापसाचे कर्ज फिटेल, असा दावा कोणी करू नये. एकरी हिशेबात ती दुय्यमच राहील. परंतु ती घरच्या ताटातला खर्च वाचविते, स्त्रीच्या हाती आठवड्याचे रोख पैसे देते आणि धुऱ्यावर तणनाशक मारण्यापूर्वी शेतकऱ्याला दोनदा विचार करावयास लावते. हे तीनही लाभ आजच्या पीकविम्याच्या आणि कर्जमाफीच्या चर्चेत कोठेच मोजले जात नाहीत. बाटलीवरचा महसूल मोजण्याची यंत्रणा शासनापाशी तालुक्यातालुक्यात आहे. धुऱ्यावरच्या अंबाडीची नोंद घेणारे एखादे रजिस्टर निदान पंचायत समितीच्या कृषी विभागात येत्या हंगामापासून उघडले जावे, एवढी मागणी अवाजवी ठरू नये.