इलेक्ट्रिक कार घरी चार्ज करायला खरंच किती खर्च येतो?

"इलेक्ट्रिक कार म्हणजे किलोमीटरला एक रुपया", हे वाक्य गाडी घेताना हमखास कानावर पडतं. महाराष्ट्रात घरच्या वीजबिलावर गाडी चार्ज केली, तर हा हिशेब बहुतेकदा जुळत नाही. त्याचं कारण आहे विजेचा स्लॅब.

स्लॅबचा फटका कसा बसतो?

महावितरणचे घरगुती दर 0-100, 101-300, 301-500 आणि 500 च्या वर अशा टप्प्यांत वाढत जातात. घरातले पंखे, फ्रिज, टीव्ही आधीच स्वस्त युनिट्स वापरून टाकतात. गाडीची युनिट्स त्यावर चढतात, म्हणजे ती कायम महागड्या टप्प्यात मोजली जातात. आपल्याच घरी आपलीच गाडी चार्ज केली, तर घरगुती दरच लागतो.

हिशेब काय सांगतो?

समजा, गाडी महिन्याला 1,000 किलोमीटर चालते आणि एका युनिटमध्ये 7 किलोमीटर जाते. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून साधारण 160 युनिट्स लागतील.

2024-25 मध्ये वहन आकारासह 101-300 टप्प्याचा दर सुमारे साडेअकरा रुपये, तर 301-500 टप्प्याचा पावणेसोळा रुपये होता. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. या दरांनी:

- घरचा वापर 140 युनिट्स असेल, तर गाडीचा खर्च सुमारे 2,130 रुपये
- घरचा वापर 300 युनिट्स असेल, तर सुमारे 2,920 रुपये

गाडी तीच, अंतर तेवढंच, पण महिन्याला जवळपास 800 रुपयांचा फरक. लिटरला 15 किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल कारला 104 रुपये दराने सुमारे 6,900 रुपये लागतील. म्हणजे बचत नक्की होते, पण किलोमीटरचा खर्च एक रुपया नसून दोन ते तीन रुपये येतो. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटाचे दर वेगळे आहेत, त्यामुळे तिथे आकडे बदलतील.

खर्च कमी कसा करता येईल?

रात्री चार्ज केलं की स्वस्त पडतं, हा समज इथे लागू होत नाही. जुलै 2025 पासून महावितरणच्या टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सवलत मिळते ती सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत, युनिटमागे 80 पैशांपासून.

छतावर सोलर असेल, तर फायदा आणखी मोठा. 'पीएम सूर्यघर' योजनेत 3 किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपयांचं केंद्रीय अनुदान आहे. फ्लॅटमध्ये मात्र गच्ची सगळ्यांची असते, त्यामुळे सोसायटीची परवानगी लागते.

2024 च्या नियमदुरुस्तीनंतर चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणीही मागता येते. अर्ज करण्याआधी तिचा दर आणि स्थिर आकार विचारून घ्यावा.

गाडी बुक करण्यापूर्वी गेल्या 12 महिन्यांची बिलं काढा आणि उन्हाळ्यात वापर कोणत्या टप्प्यात जातो ते बघा. त्या टप्प्याचा दर हाच तुमच्या गाडीच्या 'इंधनाचा' भाव.