जनुकातलं म्हणजे माहेरचं नव्हे!

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींच्या मुलाला गेल्या दिवाळीनंतर मांडीच्या हाडाचा कॅन्सर निघाला. वय वर्षं चौदा. कबड्डी खेळताना लागलं असेल म्हणून दोन महिने तेल-मालिश झाली, हाडवैद्याचा लेप झाला. रात्री पोर दुखण्यानं उठून बसायचं, तरी ‘वाढतं अंग आहे’ म्हणून सगळे गप्प. शेवटी एक्स-रे, मग बायॉप्सी. नाव कळलं, इविंग सार्कोमा.

महिला मंडळाचं काम करते म्हणून मीही त्यांच्याबरोबर मुंबईला गेले. डॉक्टर घाईत होते. ‘जीनमधला बदल आहे’ एवढंच म्हणाले, आणि घरी सासूबाईंनी तोच शब्द उचलला. “जीन म्हणजे रक्तातलंच ना? आमच्याकडे नाही हो कुणाला असलं. हिच्याच माहेरचं आलं.” वहिनी मान खाली घालून पोळ्या लाटत राहिल्या. मला मात्र राहवेना.

मी आपली बी.ए. मराठी. विज्ञान दहावीलाच सुटलं. पण पुढच्या खेपेला एका डॉक्टरबाईंना गाठलं आणि नीट विचारून घेतलं. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या आजारात बहुतेक वेळा ११ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटतात आणि जागा बदलून भलतीकडेच चिकटतात. एका साडीचा काठ उसवून दुसरीला जोडावा तसं. त्या जोडातून एक विचित्र प्रथिन तयार होतं आणि ते पेशीतल्या इतर जनुकांचा कारभारच बिघडवतं. आजाराचं वर्णन जेम्स इविंग यांनी १९२१ मध्ये केलं होतं. हा जनुकांचा जोड मात्र १९९२ मध्ये पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधल्या ऑलिव्हिए देलात्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. आता निदान पक्कं करायला बायॉप्सीच्या तुकड्यात हाच जोड शोधतात.

आणि हा जोड मुलाच्याच अंगातल्या एखाद्या पेशीत होतो. आईकडून येत नाही, बापाकडूनही नाही.

मुलांमध्ये जास्त आढळणारा हाडाचा कॅन्सर वेगळा, ऑस्टिओसार्कोमा. तो बहुधा उंची भराभर वाढण्याच्या वयात, गुडघ्याजवळ होतो. त्यातल्या थोड्या मुलांत टीपी५३ किंवा आरबी१ या जनुकातला दोष जन्मतःच असतो, हे खरं. पण तो वडिलांकडूनही येऊ शकतो, आणि कधी दोघांकडूनही आलेला नसतो! अशा घरात तो कळला तर भावंडांवर लक्ष ठेवता येतं. सुनेला बोल लावायला नव्हे, त्यासाठी तपासणी.

माझं तर म्हणणं, डॉक्टरांनी ‘जीन’ हा शब्द उच्चारल्याबरोबर पुढचं वाक्य घरच्यांसमोर सांगावं, हे आईकडून आलंय की नाही. अर्धा मिनिट लागतो हो! आमच्याकडे त्या अर्ध्या मिनिटापायी एक बाई चार महिने कुढत राहिली.

आणि बायांनो, वाढत्या वयातलं दुखणं साधारण दोन्ही पायांत असतं, सकाळी पोर खेळायला पळतं. एकाच जागी दुखतंय, सूज आहे, रात्री झोपेतून उठवतंय, दोन-तीन आठवडे झाले तरी थांबत नाही, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि आधी एक्स-रे काढा.

मी वहीत गुणसूत्रांचं चित्र काढून सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं, बोलल्या काहीच नाहीत. पुढच्या गुरुवारी पुन्हा केमो आहे. या वेळी डबा त्याच करणार म्हणाल्या.